उपासात मुकी राहिलेली झांज

मित्रांनो, मी एक जुनी झांज आहे. एक म्हणते खरी, पण माझ्या थाळ्या दोन आहेत, आणि त्या एकमेकींवर आपटल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. माझ्या काठावर हिरवट डाग पडले आहेत. एका थाळीची चामड्याची मूठ कधीच कुजून गेली. तिच्या जागी कुणीतरी सुतळी बांधली आहे. नाईल नदीच्या पूर्वेला, उंच कड्यांच्या पायथ्याशी कोम बरसूम नावाचे गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये वेदीच्या लाकडी पडद्याला लागून एक कोनाडा आहे. तो माझा. तिथून उजवीकडचे पुरुष, डावीकडच्या बायका आणि मागचा दरवाजा असे सगळे मला दिसते.

झांजेने आपल्या आवाजाची गोष्ट सांगावी, अशी तुमची अपेक्षा असेल. मी मात्र तुम्हाला त्या दिवसांची गोष्ट सांगणार आहे, ज्या दिवसांत मी वाजले नाही.

माझा जन्म अस्यूत शहरातल्या कासार आळीत झाला. तांबे आणि कथील वितळवून कासाराने मला ओतले आणि मग ठोकून ठोकून पातळ केले. हातोडीचे ते वण अजून माझ्या अंगावर आहेत. मला घ्यायला आला तो मुअल्लिम तादरूस, कोम बरसूमच्या चर्चचा गायक. सगळी जुनी स्तोत्रे त्याला तोंडपाठ होती आणि वेदीवरच्या सेवकांना तोच ती शिकवत असे. दुकानातली प्रत्येक झांज त्याने वाजवून पाहिली आणि प्रत्येक वेळी नाक मुरडले.

"ही खोकते. ही रडते. ही तर नुसती बडबडते."

मला वाजवून मात्र तो थांबला. आवाज पुरता विरेपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत. "ही बरी आहे. बोलते कमी, घुमते जास्त."

कासार हसून म्हणाला, "मुअल्लिम, झांज घ्यायला आलात की सून बघायला?"

"सून एका घराची असते बाबा. हिला अख्खं गाव एका तालात ठेवायचंय."

माझ्यासाठी योग्य हात शोधायला तादरूसला बराच वेळ लागला. गावात शफीका नावाची विधवा होती. तिला दोन मुलगे. थोरला हर्मीना शेत बघायचा. धाकटा वीसा आवाजाचा गोड, पण हाताचा भारी. सुरुवातीला तो मला असा काही बडवायचा की कड्यावरची कबुतरे उडून जायची.

"वीसा, अरे, झांज वाजवतोयस की म्हैस हाकतोयस?" तादरूस ओरडायचा.

पहिल्या रांगेत उभा असलेला हर्मीना तोंडावर हात दाबून हसायचा. पण घरी जाताना तोच भावाच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "म्हातारा काहीही म्हणू दे. आज शेवटचा ताल छान होता." वीसाचे हात हळूहळू हलके झाले. सणाला, लग्नाला, बारशाला त्याने मला वाजवले. येशूच्या जन्मोत्सवाच्या प्रार्थनेत एकदा एक म्हातारी म्हणाली, की ही झांज ऐकली की उपाशी पोटीही पाय थकत नाहीत. आपले कौतुक कुणाला आवडत नाही? मीही त्या दिवशी जरा जास्तच घुमले.

आणि मग तो उन्हाळा आला.

कालव्याला पाणी कमी होते. प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली होती. त्या दिवशी हर्मीना दारे धरायला गेला, तर पाणी शेजारच्या शेतात वळवलेले. ते शेत बुक्तोरकाकाचे. बुक्तोरचा मुलगा सौरियाल तिथे फावडे घेऊन उभा होता. आधी शब्दाला शब्द वाढला, मग कुणीतरी कुणाच्या तरी बापाचे नाव काढले. सौरियालने फावडे उचलले. घाबरवायला उचलले की मारायला, हे त्याला स्वतःलाही पुढे कधी सांगता आले नाही. दिवस मावळायच्या आत हर्मीना गेला. सौरियाल कड्यांकडे पळाला. तिथे जुन्या तपस्व्यांच्या गुहा आहेत, त्यांत तो लपून राहिला.

मित्रांनो, आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला हवी, म्हणजे पुढचे कळेल. ज्या घरातला माणूस मारला जातो, ते घर सूड उगवल्याशिवाय दुखवटा पाळत नाही. दार बंद ठेवतात. कुणाचे सांत्वन घेत नाहीत, कुणापुढे रडत नाहीत. मारणाऱ्याचे रक्त सांडले की मगच दार उघडते आणि लोक दुखवट्याला येतात. दार उघडले म्हणजे हिशेब मिटला, असे सगळे धरून चालतात.

शफीकाने दार लावून घेतले. दफनाच्या वेळीही तिच्या डोळ्यांतून टिपूस आले नाही.

पोलीस आले. त्यांनी विचारले, काय झाले? वीसा म्हणाला, "भाऊ घसरला. डोकं दगडावर आपटलं." अख्ख्या गावाने त्याच्याच शब्दांना दुजोरा दिला. कुणी शफीकाच्या घराकडे बघून खोटे बोलले, तर कुणी बुक्तोरच्या घराकडे बघून. सौरियाल तुरुंगात गेला तर सूड कुणावर घेणार, म्हणून एक बाजू गप्प बसली. तो फासावर जाईल या भीतीने दुसरी बाजू गप्प बसली. एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे त्या एका खोट्यात तेवढी एक झाली होती.

त्यानंतर वीसाने मला हातात घेतले तेव्हा ते हात मला ओळखू आले नाहीत. बोटे ताठ, तळवे थंड. पिठाच्या गिरणीवर लोक त्याला ऐकू जाईल असे बोलत. "शफीकाच्या घरात आता बाईमाणूसच राहतं वाटतं." "नाही हो, एक झांजवाला आहे ना!" एका रविवारी स्तोत्राच्या मध्येच त्याने मला खाली ठेवले आणि तो निघून गेला. पुढे कितीतरी रविवार तो आलाच नाही.

चर्चही दुभंगले. एका रविवारी शफीकाच्या बाजूची माणसे येत, दुसऱ्या रविवारी बुक्तोरच्या बाजूची. सोबत कधीच नाही. तादरूस मला वाजवायचा, पण अर्ध्या रिकाम्या चर्चमध्ये माझा आवाज भिंतींवर आपटून परत यायचा.

गावचे धर्मगुरू अबूना बिसंती दोन्ही घरी जाऊन थकले. शफीकाने त्यांना उंबऱ्यातच गाठले.

"अबूना, तुमच्या पाया पडते, पण आत बोलावणार नाही. या घरात सध्या पाहुणा बसत नाही."

"मुली, मी पाहुणा आहे का?"

"तुम्ही समजूत घालायला आलात, म्हणजे पाहुणेच."

हिवाळा सरत आला. मोठ्या उपासकाळाच्या थोडे आधी आमच्याकडे निनवे नगरीचा तीन दिवसांचा उपास असतो. ती नगरी वाईट मार्गाला लागली होती. राजापासून गुरांपर्यंत सगळ्यांनी अन्नपाणी सोडून देवाचा धावा केला, म्हणून ती वाचली. त्याची आठवण म्हणून हा उपास. दुपार कलून प्रार्थना संपेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. मग उकडलेले वाल आणि भाकरी. त्या तीन दिवसांत झांज वाजत नाही. म्हणजे मीही उपाशीच.

अबूना बिसंतींनी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना चर्चच्या अंगणात बोलावले. मी खिडकीतून ऐकत होते.

"या वेळी सगळे एकत्र येणार," ते म्हणाले. "दोन्ही बाजू. एका छपराखाली, तिन्ही दिवस."

"आणि तुम्ही काय सांगणार?" शफीकाच्या दिराने विचारले.

"काही नाही. मला उपाय ठाऊक नाही."

"मग कशाला यायचं?"

"ऐकायला. आजवर आपण सगळे नुसते बोललो. देवाला काही सांगायचं असेल तर त्याला मध्ये तोंड घालायलाही आपण जागा ठेवली नाही."

दीर हसला. "अबूना, उपासाने मेलेला उठतो होय?"

"नाही उठत. पण मारणारा हात जरा ढिला पडतो. मला तेवढंही चालेल."

पहिल्या दिवशी सगळे आले. मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. पुरुषांच्या बाजूला मधोमध एक पट्टा मोकळा राहिला, दोन शेतांमधल्या बांधासारखा. अलीकडे एक घराणे, पलीकडे दुसरे. शफीका बायकांच्या बाजूला भिंतीशी उभी होती. वीसाही आला. त्याने वेदीच्या सेवकाचा पांढरा अंगरखा चढवला आणि वेदीच्या दाराशी आपल्या जागी जाऊन उभा राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

निनवेची गोष्ट वाचली गेली. गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून सगळ्यांनी दया मागितली. मग अबूनांनी सांगितले, "आता कुणी काही बोलू नका." सगळे गप्प राहिले. पोटातली भूक, कुणाचा तरी खोकला, बाळाचे चोखणे. एवढ्या लोकांची एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पण ती शांतता चांगली नव्हती. दोरी ताणून धरावी तशी ती होती. दोन्हीकडचे लोक कान देवाकडे लावण्याऐवजी डोळे एकमेकांच्या हातांवर ठेवून होते. काहीही घडले नाही. बाहेर पडताना दीर म्हणाला, "बोलला का तुमचा देव?" अबूना म्हणाले, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी लोक अधिक थकलेले होते. भुकेने माणसाचा रागही चढतो आणि सोंगही गळते. यातले आधी काय होईल, याचाच मला घोर होता. दारातच दोन तरुणांची बाचाबाची झाली, एकाने दुसऱ्याची गळपट्टी धरली. वीसा आपल्या जागेवरून ते बघत होता आणि त्याच्या बोटांची चाळवाचाळव चालली होती. बायकांनी कसेबसे त्या दोघांना आत ढकलले.

त्या दिवशी तादरूस उपासाचे ते संथ, दुःखी स्तोत्र म्हणत होता. दयेची याचना करणारी ओळ आली आणि त्याचा आवाज बंद पडला. मला वाटले, म्हातारा घेरी येऊन पडतोय. तो पडला नाही. तो लोकांकडे वळला.

"मला पुढे म्हणता येत नाही," तो म्हणाला. "दया माग म्हणतोय, आणि तोंडात खोटं धरून बसलोय. मी त्या दिवशी कालव्याच्या पुलावर होतो. मी सगळं पाहिलं. पोलिसांना सांगितलं, मी घरी झोपलो होतो."

लोक एकमेकांकडे बघू लागले.

मग मागून एक माणूस म्हणाला, "मीही पाहिलं." तो बुक्तोरच्या बाजूचा होता. त्याच्या पाठोपाठ एक बाई बोलली, की सौरियालला गुहेत भाकरी ती पोचवते. शफीकाचा दीर पुढे सरला. "फावडं मी विहिरीत टाकलं," तो खाली बघत म्हणाला. "पोलिसांना सापडू नये, सौरियाल आमच्याच हाती लागावा म्हणून." एकेक जण बोलत होता आणि गुडघे टेकत होता. कुणी कुणावर आरोप केला नाही. ज्याने त्याने फक्त आपले सांगितले.

शेवटी बुक्तोरकाका उभा राहिला. त्याची दाढी गेल्या काही महिन्यांत पांढरी झाली होती. "माझा मुलगा उद्या इथे येईल," तो म्हणाला. "उपास त्यानेही धरलाय. प्रार्थनेला उभा राहील. मग माझ्यासोबत पोलीस ठाण्यात येईल."

अबूनांनी त्याला दाराशी गाठले. "बुक्तोर, वीसाने ऐकलंय हे. लक्षात आहे ना?"

"त्याने ऐकावं म्हणूनच मोठ्याने बोललो, अबूना."

सगळे गेल्यावर वीसाने तादरूसला माझ्या कोनाड्यासमोर अडवले.

"मुअल्लिम, उद्या तो पोलिसांच्या हाती गेला की मी काय करू? लोकांना कुठे तोंड दाखवू?"

"तुझ्या भावाचं खरं मी दाबून ठेवलं होतं. ते परत केलं, पोरा."

"तुम्ही माझा भाऊ दुसऱ्यांदा हिरावलात," वीसा म्हणाला आणि निघून गेला.

तिसरा दिवस उजाडला. अंगणात कुणीतरी म्हणाले, दारात उभे राहून सगळ्यांची झडती घेऊ या. अबूना बिसंतींनी मान हलवली. "देवाच्या दारात झडती घ्यायची, तर आत प्रार्थना कसली करायची?" त्यांचा हा निर्णय मला मुळीच पटला नाही. का, ते सांगते.

वीसा आला, त्याने अंगावरचा लोकरी झगा काढला, घडी केली आणि माझ्या कोनाड्यात, अगदी मला चिकटून ठेवला. माझ्या काठाला काहीतरी लागले. मित्रांनो, मी धातूची आहे. धातू धातूला ओळखतो. तो पितळेचा दिवा नव्हता की चांदीचा क्रूस नव्हता. ते गावठी पिस्तूल होते. मी किंचित किणकिणले. वीसाने चटकन माझ्यावर हात ठेवून आवाज दाबला.

मला ओरडायचे होते. पण कुणी वाजवल्याशिवाय मी काय ओरडणार?

प्रार्थना सुरू झाली. चर्च खच्चून भरले होते, तरी तो मधला पट्टा मोकळाच होता. त्या दिवशीच्या वाचनात निनवे नगरी तरली, आणि तिला तंबी द्यायला आलेला संदेष्टा त्यावरच रुसून उन्हात बसला. ही माणसे मरायला हवी होती, असे त्याचे म्हणणे. ते ऐकताना वीसाने मान दुसरीकडे वळवली.

तेवढ्यात दार करकरले. बुक्तोरकाका आत आला आणि त्याच्या मागून सौरियाल. मी त्याला ओळखलेच नाही. गाल आत गेलेले, दाढी वाढलेली, पाय अनवाणी. दोन्ही हातांवर त्याने पांढऱ्या कापडाची घडी धरली होती. ते त्याचे कफन होते. आमच्याकडे मारणारा असा कफन घेऊन दारी आला, तर त्याचा अर्थ असतो, 'मारा किंवा सोडा, मी तुमच्या हवाली.' तो मागच्या खांबाशी थांबला. लोक आपोआप बाजूला झाले, आणि वेदीपासून त्या खांबापर्यंत सरळ मोकळी वाट तयार झाली. मधे आडवे कुणीही नाही.

आमच्या प्रार्थनेत एक क्षण असा येतो, की सेवकाने लोकांकडे वळून मोठ्याने हाक द्यायची असते, एकमेकांना शांतीचे वंदन करा, म्हणून. मग लोक शेजाऱ्याचा हात हातात घेतात. ही हाक झाल्याशिवाय प्रार्थना पुढे जात नाही. कोम बरसूममध्ये ती हाक वीसाची असे.

तो क्षण आला. अबूना वेदीकडे तोंड करून थांबले.

वीसा बोलला नाही. तो दोन पावले मागे सरला, कोनाड्यापाशी आला आणि त्याने झग्याच्या घडीत हात घातला. त्याच्या मनगटाची नाडी माझ्या काठावर उडत होती. त्याचे डोळे सौरियालवर होते. सौरियालने ते पाहिले. तो हलला नाही, त्याने फक्त डोळे मिटले. बुक्तोरचे ओठ प्रार्थनेत हलत होते. अबूनांनी मागे वळून पाहिले नाही. त्यांचे दोन्ही हात वर होते. तीन दिवसांची भूक त्या चर्चमध्ये उभी होती, आणि कुणाच्याही अंगात मध्ये पडायचे बळ उरले नव्हते.

"वीसा."

बायकांच्या बाजूने आवाज आला. शफीका भिंत सोडून पुढे आली होती. प्रार्थनेच्या मध्ये आमच्याकडे बाईच काय, पुरुषही असा बोलत नाही. पण तिला कुणी अडवले नाही.

"वीसा, अबूना थांबलेत. हाक तुझी आहे."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मीच तर मध्ये आहे. तुझी आणि हर्मीनाची, दोघांची आई मीच आहे." ती एका हाताने खांब धरून उभी होती. तिचा आवाज स्पष्ट होता. "तीन दिवस मी देवाजवळ एकच मागत होते. या सौरियालचा जीव घे, एवढंच. गुडघ्यावर बसून तेच मागत होते, बाकी काही नाही. काल लोक खरं बोलायला लागले, तेव्हा माझ्या मनात आलं, शफीका, तुझं खोटं कुठलं? मी तर पोलिसांसमोर तोंडच उघडलं नव्हतं. तरी रात्रभर ते सोडेना. आज सकाळी कळलं."

ती लोकांकडे वळली. दोन्ही बाजूंकडे.

"दार बंद ठेवून मी असं धरून बसले होते, की काहीतरी व्हायचं राहिलंय. ते झालं की हर्मीनाचं काहीतरी परत मिळेल. काही परत मिळायचं नाही." "माझा हर्मीना गेला. उद्या माझं दार उघडं आहे. दुखवट्याला या."

मित्रांनो, तुम्हाला आता ठाऊक आहे, या शब्दांचा अर्थ काय होतो. चर्चभर एक हुंकार उठला. दीर पुढे झाला. "वहिनी, काय बोलता हे! रक्त न घेता?"

"रक्त घेऊन काय करू, भाऊजी? भाकरी मळू? माझा एक मुलगा जमिनीत आहे. दुसऱ्याला तुरुंगात घालून तुम्हा सगळ्यांची गिरणीवर मान ताठ करू?" मग ती सौरियालकडे वळली. त्याच्याकडे पाहताना तिचा चेहरा कठोर झाला. त्यात माया नव्हती, हे मी खोटे सांगणार नाही. "ते कापड माझ्याकडे आणू नकोस. मला ते नको. प्रार्थना संपेपर्यंत तिथेच उभा राहा, मग बापाबरोबर जा आणि जे केलंस ते जसंच्या तसं सांग."

"सांगेन, मावशी," सौरियाल पुटपुटला.

"आणि वीसा," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला, "मला एकाच मुलाला रडू दे रे."

वीसाचा हात अजून झग्यात होता. मला त्याची बोटे जाणवत होती. ती लोखंडावरून सरकली. पुन्हा त्यावर आली. थांबली. मग माझ्या थाळीच्या काठावर आली आणि त्याने मला इतके घट्ट धरले की माझी धार त्याच्या तळव्यात रुतली. मग त्याने हात रिकामाच बाहेर काढला, दोन पावले पुढे गेला आणि हाक दिली.

आवाज चिरकला होता. सूर कुठल्या कुठे गेला होता. तादरूसने आयुष्यात इतकी बेसूर हाक ऐकली नसेल, पण म्हातारा ढसाढसा रडत होता. आधी कुणीच हलले नाही. मग ज्याने फावडे विहिरीत टाकले होते, त्या दिराने मान खाली घालूनच तो मोकळा पट्टा ओलांडला आणि पलीकडच्या माणसापुढे हात केला. त्याच्या मागून बाकीचे. वीसा सौरियालजवळ गेला नाही. तो वेदीच्या दाराशी आपले दोन्ही हात एकमेकांत गुंतवून उभा राहिला. तेवढेच त्याच्याने झाले.

प्रार्थना संपल्यावर सौरियालने घासभरही न खाता नदीकडची वाट धरली. बापासोबत अबूना बिसंती गेले, आणि साक्ष द्यायला तादरूस, दीर व आणखी कितीतरी जण. पोलीस ठाणे नदीपलीकडे होते; एका नावेत मावले नाहीत, दुसरी करावी लागली.

दुसऱ्या दिवशी उपास सुटल्याचा सण होता. तादरूसने मला वाजवले. वीसा उशिरा आला, त्याने झगा काढून माझ्याजवळ ठेवला. झगा हलका होता. ते पिस्तूल कुठे गेले, कालव्यात की नदीत, हे त्याने कुणाला सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही.

मग लोक चर्चमधून उठून शफीकाच्या घराकडे चालू लागले. घर चर्चच्या भिंतीपलीकडेच होते. मी कोनाड्यात एकटी राहिले. दाराचा अडसर काढल्याचा आवाज मला ऐकू आला. नंतर पावलांचे आवाज, बिनसाखरेच्या कॉफीचे पेले मांडल्याचे आवाज. आणि मग एका बाईचे रडणे. सुरुवातीला ते अडखळत आले, जणू तिला रडण्याची सवयच राहिली नव्हती. मग ते मोकळे झाले आणि दुपारभर थांबले नाही. मी लग्नात वाजले, सणांत वाजले, पण त्या रडण्याइतका खरा आवाज माझ्यातून कधी निघाला नाही.

सौरियालला शिक्षा झाली. पुष्कळ वर्षांनी तो सुटून आला तेव्हा शफीका हयात नव्हती. वीसाने त्याला मनापासून माफ केले का, हे मला विचारू नका. माणसाच्या मनात डोकावण्याइतकी मी मोठी नाही. एवढेच सांगते, की सौरियाल पहिल्यांदा चर्चच्या दारात उभा राहिला त्या रविवारी मी वीसाच्या हातात होते. वीसाने त्याला पाहिले, आणि त्याचा ताल चुकला नाही.

मित्रांनो, आवाज हाच माझा जन्माचा धंदा. त्या तीन दिवसांत आभाळातून एखादा आवाज आला असता, तर तो सगळ्यांत आधी मला ऐकू आला असता. तसा काही आला नाही. देवाने सांगितले ते एका म्हाताऱ्या गायकाच्या अडलेल्या घशातून सांगितले, आणि एका विधवेच्या तोंडून. शफीका तिच्या बंद घरात एकटी उपाशी राहिली असती, तर तिला तिचाच राग ऐकू आला असता. ज्यांचे तोंड बघायचे नव्हते त्यांच्या शेजारी ती गुडघे टेकून बसली, म्हणून तिला दुसरे काही ऐकू आले. मी धातूची आहे, मला यापेक्षा जास्त उलगडून सांगता येत नाही.

आता चर्चच्या भिंतींवर कर्णे लागले आहेत. सणासुदीला कुणीतरी मला चिंच लावून घासते आणि लगेच परत ठेवते. माझी तक्रार नाही. पण तुमच्या गावात एखादी जुनी झांज, जुनी घंटा किंवा असेच काही असेल, तर त्याला फडक्यात गुंडाळून विसरू नका. ते हातात घेऊन सगळ्यांना एकत्र बोलवा. आणि सगळे जमले, की त्याला खाली ठेवा, तुम्हीही जरा उपाशी राहा, जरा गप्प राहा. कुणाचा तरी घसा अडेल. त्याला बोलू द्या.